रोअरिंग रिव्हरला ट्राउट पकडायला जाताय? परमिट, टॅग आणि कॅम्पसाइट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत

मार्च जवळ आला की अर्कान्सासमधल्या बेंटनव्हिल-रॉजर्सकडच्या मराठी ग्रुपांवर दरवर्षी एकच प्रश्न फिरतो. "रोअरिंग रिव्हरला मासे पकडायला काय लागतं?" उत्तरं येतात ती अर्धवट. कुणी सांगतं, काही लागत नाही, पार्कात प्रवेश फुकट आहे. कुणी सांगतं, कॅम्पिंग बुक केलंय ना, मग झालं. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी खरी आहेत. पण त्यांच्यावर विसंबून गेलेलं कुटुंब नवाकोरा गळ घेऊन पार्क स्टोअरच्या काउंटरपर्यंत पोचतं आणि तिथून हात हलवत परततं. म्हणून हे सविस्तर.

रोअरिंग रिव्हर स्टेट पार्क मिझुरी राज्यात आहे. कॅसव्हिल गावापासून दक्षिणेला सुमारे ७ मैल, अर्कान्सासच्या सीमेजवळ. कड्याखालून एक झरा फुटतो, दिवसाला सुमारे २ कोटी गॅलन पाणी देतो, आणि तिथूनच नदी सुरू होते. सेंट लुईसचे साबण कारखानदार थॉमस सेमन यांनी १९२८ मध्ये ही जागा विकत घेऊन राज्याला दिली. झऱ्याला लागूनच मत्स्यबीज केंद्र आहे. तिथे वाढवलेले रेनबो ट्राउट हंगामात रोज नदीत सोडतात. मासे भरपूर असतात, त्यामुळे नवख्यालाही एखादा लागतोच. गर्दी होते ती यामुळेच.

घोळाचं मूळ म्हणजे एका जागेचा कारभार दोन खात्यांकडे आहे. पार्क, कॅम्पसाइट, पायवाटा, शौचालयं हे सगळं नैसर्गिक संसाधन विभागाकडे. मासे आणि मासेमारीचं परमिट कन्झर्व्हेशन विभागाकडे. एकाच्या वेबसाइटवर पैसे भरले म्हणून दुसऱ्याला त्याचा पत्ता नसतो. कॅम्पिंगच्या ईमेलमध्ये "परमिट वेगळं काढा" हे ठळक अक्षरांत एका ओळीत सांगितलं असतं तर निम्मी माणसं वाचली असती. पण सरकारी खातं इथलं असो की तिथलं, शेजारच्या टेबलाचं काम सांगणं त्याच्या स्वभावात नाही.

तर हंगामात, म्हणजे १ मार्च ते ३१ ऑक्टोबर, गळ टाकणाऱ्या प्रौढाकडे दोन गोष्टी हव्यात: मिझुरीचं मासेमारी परमिट आणि त्या दिवसाचा ट्राउट टॅग.

परमिट: "रहिवासी" म्हणजे नेमका कोण

सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. बेंटनव्हिलहून पार्क तासाभरावर आहे, म्हणून ते आपलंच वाटतं. पण मधे राज्याची सीमा आहे. अर्कान्सासचं फिशिंग लायसन्स इथे चालत नाही. बेंटनव्हिलच्या वॉलमार्टमधून काढलेलं लायसन्स अर्कान्सासचं असतं, हे घाईत कुणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक फसवा कागद म्हणजे व्हाइट रिव्हर बॉर्डर लेक्स परमिट. दोन्ही राज्यांत पसरलेल्या टेबल रॉक, बुल शोल्स आणि नॉरफोर्क या तलावांपुरतं ते चालतं. रोअरिंग रिव्हर शेवटी टेबल रॉकलाच मिळते, म्हणून "पाणी तर तेच" असा युक्तिवाद काउंटरवर ऐकू येतो. तो चालत नाही. पार्कातली नदी त्या परमिटात नाही.

मिझुरीचा रहिवासी कोण, याची व्याख्या अशी: ज्याचं प्रत्यक्ष राहणं आणि कायमचा पत्ता दोन्ही निदान ३० दिवसांपासून मिझुरीत आहेत, आणि जो दुसऱ्या कुठल्याही राज्यात किंवा देशात रहिवासी म्हणून सवलत घेत नाही. नागरिकत्वाचा यात संबंध नाही, राहण्याचा आहे. मिझुरीत घर विकत घेऊन भाड्याने दिलं असेल तर त्यानेही तुम्ही रहिवासी होत नाही. मित्राचा स्प्रिंगफील्डचा पत्ता टाकून रहिवाशाच्या दरात परमिट काढायचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. नदीकाठी कन्झर्व्हेशन एजंट फिरतात, परमिटासोबत ड्रायव्हिंग लायसन्स बघतात, आणि त्यावर अर्कान्सास छापलेलं असतं. वाचलेल्या डॉलरांपेक्षा दंड मोठा पडतो, खोटी माहिती दिल्याची भानगड वेगळी.

बाहेरच्यांसाठी एका दिवसाचं परमिट मिळतं. वर्षातून एकदाच जाणार असाल तर तेच पुरे.

आई-बाबा आलेत, त्यांचं काय?

हा प्रसंग दर उन्हाळ्यात काउंटरवर दिसतो. भारतातून आलेले सत्तरीचे बाबा, डोक्याला टोपी, हातात नवा रॉड. मुलगा फोनवर दाखवतो, "हे बघा, पासष्टच्या वर परमिट लागत नाही असं लिहिलंय." लिहिलेलं असतं, पण त्याआधी "मिझुरी रहिवासी" हे शब्द असतात. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या बाबांना ती माफी नाही. वय सत्तर असो की नव्वद, बाहेरच्या माणसाला परमिट लागतं. मिझुरीतच राहणाऱ्या पासष्टीपुढच्यांना परमिट माफ आहे, पण टॅग त्यांनाही लागतो.

काठावर खुर्ची टाकून बघत बसायला काहीच लागत नाही. मात्र "बाबा, जरा धरा हो, मी चहा आणतो" म्हणून रॉड हातात दिलात की नियमाच्या नजरेत बाबा मासेमारी करताहेत. मग एजंटला चहाचं सांगून उपयोग नाही.

आता पाहुण्यांकडे नसलेल्या एका गोष्टीबद्दल. परमिट काढताना सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकी सरकार देतं तो ओळख क्रमांक, मागतात. लोक चक्रावतात, मासे पकडायला हा कशाला? कारण १९९० च्या दशकातल्या एका केंद्रीय कायद्यात आहे. मुलांच्या पोटगीचे पैसे बुडवणाऱ्यांना शोधता यावं म्हणून राज्यांना सगळ्या परवान्यांच्या अर्जावर हा नंबर नोंदवायला सांगितलं, आणि त्यात करमणुकीचे परवानेही आले. हेतू चांगला असेल, पण त्यापायी सांगलीहून आलेल्या आजोबांना ऑनलाइन फॉर्मच्या त्या रकान्यापाशी थांबावं लागतं. बऱ्याच एच-४ व्हिसावरच्या बायकांचंही तेच.

अशा वेळी दोन गोष्टी करू नका. नऊ शून्यं किंवा मनाचे आकडे टाकू नका. आणि मुलाचा किंवा नवऱ्याचा नंबर त्यांच्या नावावर टाकू नका. तसं केलंत तर एका नंबरावर दोन माणसं होतात आणि पुढच्या वर्षी मुलाचंच परमिट अडकतं. सरळ पासपोर्ट घेऊन काउंटरवर जा, असा नंबर मिळालेलाच नाही असं स्पष्ट सांगा आणि समोरच्याला त्याच्या पद्धतीने नोंद करू द्या. मूळ पासपोर्ट न्या, कारण व्हॉट्सॲपवरचा फोटो कुणी मान्य करेल याचा भरवसा नाही. आणि हे शनिवारी सकाळच्या रांगेत करू नका. आदल्या दिवशी दुपारी जा, काउंटरवरच्या माणसालाही तेव्हा सवड असते.

पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना परमिट लागत नाही, मग ती कुठलीही असोत.

टॅग

टॅग रोजचा. तो पार्कातच, समक्ष घ्यायचा. घरबसल्या परमिट निघतं म्हणून टॅगही निघेल असं समजून येऊ नका. कपड्याला दिसेल असा लावायचा. शनिवारचा टॅग रविवारी चालत नाही, शनिवारी पावसाने गळ टाकताच आला नसला तरी. मुलांसाठी कमी दरातला टॅग असतो. मुलाला स्वतःच्या वाट्याचे मासे हवे असतील तर तो घ्या.

एका टॅगवर दिवसाला ४ ट्राउट. इथे आपल्या मंडळींची एक सवय नडते, ती म्हणजे सगळ्यांचे मासे एकाच बादलीत. तीन कुटुंबं, एक बादली, अकरा मासे, आणि कुठला कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही. नियमाप्रमाणे प्रत्येकाने आपले मासे वेगळे किंवा ओळखता येतील असे ठेवायचे आहेत. प्रत्येकाची दोरी किंवा पिशवी वेगळी ठेवा, त्यावर नाव लिहा. मासे गाडीत ठेवून निघालात तरी घरी पोचेपर्यंत टॅग फेकू नका. पंधरा इंचांहून लहान ब्राउन ट्राउट लागला तर तो सोडून द्यायचा.

ट्राउट परमिट नावाचीही एक वेगळी वस्तू आहे आणि नावामुळे पुष्कळ जण ते विनाकारण विकत घेतात. मार्च ते ऑक्टोबर पार्काच्या आत ते लागत नाही, टॅग लागतो. हिवाळ्यात उलटं: टॅग नाही, ट्राउट परमिट लागतं.

तारखा

मिझुरीचं वार्षिक परमिट जानेवारी ते डिसेंबर चालत नाही. ते १ मार्चला सुरू होतं आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संपतं. हंगामही १ मार्चलाच उघडतो, सकाळी साडेसहाच्या भोंग्याला. म्हणजे "गेल्या उन्हाळ्यात तर काढलं होतं" म्हणणाऱ्याचं परमिट नेमकं आदल्या रात्री मेलेलं असतं. फेब्रुवारीत ऑनलाइन काढताना कुठलं वर्ष निवडताय ते दोनदा बघा. चुकीचं निवडलंत तर चार दिवसांच्या परमिटाला वर्षाचे पैसे गेले.

हिवाळी मासेमारी नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत. तीसुद्धा फक्त शुक्रवार ते सोमवार, सकाळी ८ ते दुपारी ४. पकडलेला प्रत्येक मासा सोडायचा, आणि गळाला फक्त फ्लाय, म्हणजे पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत दरवर्षी कुणी ना कुणी गुरुवारी येऊन थडकतं. थँक्सगिव्हिंग गुरुवारीच असतं, आणि गुरुवारी नदी बंद. शुक्रवारी या.

उन्हाळ्यातही मासेमारीच्या वेळा महिन्याप्रमाणे बदलतात. त्या दिवसाची वेळ स्टोअरवर लावलेली असते. भोंग्याआधी गळ पाण्यात नको.

पैसे आणि कागद दोन्ही वाचवायचे असतील तर जूनच्या पहिल्या सोमवारनंतर येणारे शनिवार-रविवार धरा. त्या दोन दिवशी मिझुरीत परमिट, ट्राउट परमिट, टॅग यांतलं काहीच लागत नाही, बाहेरच्यांनाही नाही. आई-बाबांची वारी जूनमध्ये असेल तर नंबराची सगळी कटकट टळते. चार माशांची मर्यादा आणि आमिषाचे नियम मात्र तेव्हाही असतात.

आमिष

नदीचे झोन पाडलेले आहेत आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला पाटी असते. कुठे फक्त फ्लाय, कुठे कृत्रिम आमिष, आणि खालच्या अंगाला झोन ३ मध्ये गांडूळ, भिजवलेल्या पिठाच्या गोळ्या वगैरे. गावाकडे ओढ्यावर कणकेची गोळी लावून मासे धरलेल्या माणसाने सरळ झोन ३ गाठावा, तिथे तो हौशी अमेरिकनालाही मागे टाकेल. वरच्या झोनमध्ये मात्र तीच गोळी गुन्हा ठरते, खिशात फ्लाय असली तरी.

मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव, चुरमुरे टाकायचे नाहीत. आजीला माशांना खाऊ घालायची हौस असेल तर मत्स्यबीज केंद्रातल्या हौदांवर न्या. तिथे नाणी टाकून खाद्याची मूठ मिळते आणि मासे अक्षरशः एकमेकांवर चढतात.

कॅम्पिंग आणि चालणं

कॅम्पसाइट बारा महिने आधीपासून ऑनलाइन बुक होते. मार्चचा पहिला आठवडा आणि मे ते ऑगस्टचे शनिवार-रविवार हवे असतील तर खरंच तितक्या आधी बघा. साइटवर माणसांची मर्यादा असते, साधारण सहा जण किंवा एक कुटुंब. "चार फॅमिली, एक साइट, स्वस्तात" हा आपला आवडता हिशेब तिथे बसत नाही. शेजारशेजारच्या दोन-तीन साइट घ्या. रात्री १० ते सकाळी ६ शांतता. अंताक्षरी दहाला थांबली नाही तर रेंजर येतो आणि तो गाणं पूर्ण होईपर्यंत थांबत नाही. घरून लाकडं आणू नका, झाडांना लागणारी कीड त्यातून पसरते. तिथेच विकत घ्या.

पायवाटांना परमिट नाही, पैसे नाहीत. डेव्हिल्स किचन ट्रेल दीड मैलाची आहे, खडकांच्या कपारी बघत मुलंही पूर्ण करतात. उन्हाळ्यात गोचिडी असतात, मोजे वर ओढा.

दरीत मोबाइलला रेंज नसल्यासारखीच असते. परमिट, कॅम्पिंगचं बुकिंग, काउंटरवर दाखवायचा ईमेल, सगळ्याचा स्क्रीनशॉट कॅसव्हिल सोडण्याआधी काढून ठेवा, आणि परमिटाची एक छापील प्रत गाडीत टाका.