स्वेच्छा उपचारत्याग (आरोग्य आणीबाणीतील)

साथ, भूकंप वा युद्धाच्या काळात खाटा, व्हेंटिलेटर किंवा प्राणवायू सगळ्यांना पुरत नाहीत. अशा वेळी रुग्णाने आपल्या वाट्याचा उपचार दुसऱ्यासाठी समजून-उमजून सोडणे म्हणजे स्वेच्छा उपचारत्याग. ट्रायाजमध्ये, म्हणजे रुग्णांचा क्रम लावताना, आधी कोणाला घ्यायचे हे डॉक्टर ठरवतात; येथे मागे सरण्याचा निर्णय रुग्णाचा असतो. त्रास टाळण्यासाठी दिलेला नकार आणि उपयोग होईल हे ठाऊक असूनही केलेला त्याग वेगळे, पण खाटेवरच्या माणसाच्या मनात ते बहुधा मिसळलेले असतात.

त्याग सगळा किंवा काहीच नाही, असा नसतो. अनेक जण आयसीयू नाकारतात, पण साधा प्राणवायू घेतात. ७,००० लिटरचा सिलिंडर मिनिटाला १० लिटर प्रवाहाने साडेअकरा तास पुरतो. हाय-फ्लो यंत्रावर मिनिटाला ६० लिटर शुद्ध प्राणवायू लागला तर दोन तासांच्या आतच संपतो. त्यामुळे नेमके काय सोडले आणि काय चालू ठेवायचे, हे तारीख-वेळेसह लिहून घ्यावे लागते. धाप व वेदना कमी करणारी औषधे, शुश्रूषा आणि सोबत कधीच थांबवायची नसते.

सर्वांत मोठी चूक वेळेची होते. रक्तातील प्राणवायू घटला की माणूस गोंधळतो. त्या अवस्थेतला होकार किंवा नकार ग्राह्य धरता येत नाही. आधी प्राणवायू द्यावा, रुग्ण सावरल्यावर नातेवाइकांना बाहेर थांबवून बोलावे, परिस्थिती व परिणाम त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे आणि काही तासांनी पुन्हा विचारावे. ‘मी घरच्यांना ओझे झालो’ किंवा ‘बिल कोण भरणार’ असे सूर आले तर तो त्याग नव्हे, दडपण आहे, नैराश्यही तपासावे. खाटावाटप करणाऱ्याने हे संभाषण करू नये. मुळात त्याग मागायचाच नसतो, वृद्ध व अपंगांकडून तर मुळीच नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली हृदय बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, अशा नोंदी काही ठिकाणी रुग्णांना न विचारता झाल्याचे तेथील आरोग्यसेवा नियामकाच्या २०२१ च्या अहवालात आढळले.

निर्णय केव्हाही बदलता येतो. मात्र यंत्र दुसऱ्याला लागले असेल तर ते काढून परत मिळत नाही, रुग्ण पुन्हा प्राधान्ययादीत जातो; हे आधीच स्पष्ट सांगावे. मोकळी झालेली खाट कोणाला मिळावी हेही त्याला ठरवता येत नाही, ती यादीतल्या पुढच्या रुग्णाची.

लशीचा त्याग मात्र अनेकदा फुकट जातो. बहुडोस कुपी उघडल्यावर काही तासांतच वापरावी लागते. ऐन वेळी नाकारलेला डोस गरजू प्रदेशात पोहोचत नाही, केंद्रावर दुसरा माणूस हजर नसेल तर टाकून द्यावा लागतो. लस सोडायची असेल तर नोंदणी आधीच रद्द करावी.