नार्नियाचा कालक्रम
सी. एस. लुईस (१८९८–१९६३) यांच्या सात बालकादंबऱ्यांमधली इंग्लंडची वर्षे आणि नार्निया या काल्पनिक देशाची वर्षे यांचा मेळ घालण्याचा वाचकांचा जुना खटाटोप. ही पुस्तके १९५० ते १९५६ या काळात दरवर्षी एक याप्रमाणे प्रसिद्ध झाली. पण प्रकाशनाचा क्रम आणि कथेतल्या घटनांचा क्रम वेगळा आहे. नार्नियाच्या निर्मितीची गोष्ट सहाव्या पुस्तकात येते, तर पाचव्या पुस्तकातले सगळे कथानक पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या काही पानांच्या आत मावते.

दोन्हीकडचा काळ वेगवेगळ्या गतीने चालतो, ही मात्र चूक नाही; कथेचा तो पायाच आहे. पहिल्या पुस्तकात चार भावंडे नार्नियात मोठी होतात, राज्य करतात आणि ज्या कपाटातून आली त्याच कपाटातून परततात तेव्हा इंग्लंडात ती निघाली तोच क्षण असतो. 'प्रिन्स कॅस्पियन'मध्ये ती वर्षभराने पुन्हा जातात तेव्हा एका बेटावर पडका वाडा, त्याच्या दारापर्यंत आलेली सफरचंदाची झाडे आणि मातीत पडलेला सोन्याचा बुद्धिबळाचा घोडा सापडतो. वाडा आपलाच, पण मधे शतके गेली आहेत, हे मुले या खुणांवरून ताडतात. मालिकेतले हे सर्वांत उत्तम तर्ककोडे म्हणावे लागेल, आणि ते लेखकाने जाणूनबुजून घातलेले आहे.

नेमके आकडे पुस्तकांत फारसे नाहीत. ते येतात लुईस यांनी केलेल्या एका टिपणातून, जे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यानुसार नार्नियाचे पहिले वर्ष म्हणजे इंग्लंडातले १९००. भावंडे १९४० साली पोचतात तेव्हा तिकडे १००० हे वर्ष चालू असते. १९४१ म्हणजे २३०३. शेवटची लढाई १९४९ मध्ये, म्हणजे २५५५ या वर्षी. पहिल्या चाळीस वर्षांत तिकडची हजार वर्षे, मग एका वर्षात तेराशे, आणि त्यापुढच्या वर्षात फक्त तीन. कोणतेही एक गुणोत्तर लावून हे सुटत नाही, तरी सूत्र शोधणारे अजून थकलेले नाहीत. काही ठिकाणी हिशेब अगदी चोख बसतो. टेलमार या परक्या देशाच्या लोकांचे आक्रमण नार्नियाच्या १९९८ साली झाले आणि २३०३ मध्ये गादीवर हक्क सांगणारा त्यांच्याच घराण्यातला कॅस्पियन दहावा आहे. तीनशे वर्षांत दहा राजे ही सरासरी खटकत नाही.

खरी अडचण माणसांची आहे. पहिल्या पुस्तकात भावंडांतली धाकटी लूसी टम्नस या फॉनच्या (अर्धा माणूस, अर्धा बोकड) गुहेत चहाला जाते, तेव्हा त्याच्या फळीवर 'माणूस ही दंतकथा आहे काय?' अशा अर्थाचे नाव असलेले पुस्तक तिला दिसते. गंमत म्हणून ते झकासच आहे. पण 'द हॉर्स अँड हिज बॉय'मध्ये (१९५४) डोंगरापलीकडच्या आर्चनलंडमध्ये माणसेच नांदतात, आणि दक्षिणेला कॅलॉर्मेनचे अख्खे साम्राज्य माणसांचे. पुढच्या वर्षीच्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ने तर नार्नियाचा पहिला राजाच लंडनचा घोडागाडीवाला फ्रँक ठरवला; त्याचा दुसरा मुलगा आर्चनलंडचा राजा होतो. पहिल्या पुस्तकातल्या चेटकिणीने नार्नियावर लादलेल्या शंभर वर्षांच्या हिवाळ्यात लोक माणसांना विसरले असतील, असा बचाव मांडला जातो. शेजारच्या खिंडीपलीकडचा राजा विसरायला शंभर वर्षे कमीच पडतील. सरळ उत्तर असे, की टम्नसची फळी लिहिताना आर्चनलंड लेखकाला सुचलेलेच नव्हते.

या चेटकिणीचे कुळही असेच बदलते. पहिल्या पुस्तकात बीव्हर हा बोलणारा प्राणी सांगतो, ती एका बाजूने आदमची पहिली बायको लिलिथ हिच्या वंशातली आणि दुसऱ्या बाजूने राक्षसकुळातली; नंतर कळते, ती चार्न या दुसऱ्याच जगाची राणी. ज्याच्या घरात ते कपाट आहे तो प्राध्यापक डिगरी पहिल्या पुस्तकात पांढऱ्या केसांचा 'फार म्हातारा' आहे, टिपणाप्रमाणे मात्र त्याचा जन्म १८८८चा, म्हणजे वय जेमतेम बावन्न. लहान मुलांच्या नजरेला पन्नाशीचा माणूस म्हाताराच, म्हणून हे सोडून देता येईल. 'द लास्ट बॅटल'मधला युनिकॉर्न जिल या इंग्लंडहून आलेल्या मुलीला सांगतो, की मुलांच्या भेटींच्या मधे शेकडो-हजारो वर्षे शांत राजे होऊन गेले, त्यांची नावेही कोणाला आठवत नाहीत. एकूण २५५५ वर्षांच्या इतिहासात हे मावत नाही. इथे दोष युनिकॉर्नपेक्षा टिपणाचाच वाटतो: कथेने जो काळ अथांग ठेवला होता, त्याला टिपणाने कुंपण घातले.

न जुळणारे धागे जुळवण्यासाठी पुस्तकांचे पुन्हा संपादन करण्याचे लुईस यांनी १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये पफिन या बालपुस्तकांच्या प्रकाशनाच्या संपादिका के वेब यांच्याजवळ कबूल केले होते. त्याच महिन्याच्या २२ तारखेला ते वारले.

वाचनक्रमाचा वाद याच्याशीच जोडलेला आहे. १९५७ मध्ये एका अमेरिकन मुलाला लिहिलेल्या पत्रात लुईस यांनी कथेतल्या कालक्रमाला पसंती दिली, पण मालिका आधी योजलेली नव्हती आणि क्रमाला फारसे महत्त्व नसावे, हेही लिहिले. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने १९९४ पासून पुस्तकांना त्याच क्रमाचे आकडे दिले. विसंगतींच्या दृष्टीने हा क्रम गैरसोयीचा आहे. प्रकाशनक्रमाने वाचणाऱ्याला टम्नसचे पुस्तक आधी भेटते आणि राजा फ्रँक पाच पुस्तकांनंतर, तोवर फळी विस्मरणात गेलेली असते. कालक्रमाने वाचणाऱ्या मुलाने मात्र फ्रँकचा राज्याभिषेक नुकताच पाहिलेला असतो, त्यामुळे टम्नसच्या गुहेत शिरताच ते शंका काढते.