एडीएचडीच्या औषधांचा प्रौढांमधील पाठपुरावा

एडीएचडी म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार. या विकारावर औषध घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीची ठरावीक काळाने होणारी तपासणी, तिच्याशी होणारे बोलणे आणि त्यावरून औषध तसेच ठेवायचे, मात्रा बदलायची, दुसरे द्यायचे की थांबवायचे याचा घेतलेला निर्णय, या साऱ्याला मिळून पाठपुरावा म्हणतात. ही औषधे विकार मुळासकट काढत नाहीत. त्यांचा अंमल असेपर्यंत लक्ष टिकते, हाती घेतलेले काम तडीस जाते आणि आवेग आवरता येतो. म्हणून उपचार वर्षानुवर्षे चालू शकतो. पंचविशीत सुरू झालेले औषध पन्नाशीतही चालू असेल, तर तोवर शरीर बदललेले असते, कामाचे स्वरूप बदललेले असते आणि जोडीला इतर आजारांच्या गोळ्याही आलेल्या असतात. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलेली मात्रा तेव्हाही योग्य असेल असे गृहीत धरता येत नाही.

औषधांचे दोन मुख्य गट आहेत. मेथिलफेनिडेट आणि ॲम्फेटामिन वर्गातील औषधे (डेक्सॲम्फेटामिन, लिस्डेक्सॲम्फेटामिन) ही उत्तेजक औषधे. मेंदूतील डोपामिन व नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचा प्रभाव ती वाढवतात आणि त्यांचा परिणाम त्याच दिवशी जाणवतो. दुसरा गट उत्तेजक नसलेल्या औषधांचा. त्यात प्रौढांसाठी मुख्यतः ॲटोमॉक्सेटिन वापरले जाते. त्याचा पुरेसा परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागतात. ग्वानफासिन आणि क्लोनिडिन ही औषधे प्रौढांना क्वचित, तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच दिली जातात. कोणत्या गटातले औषध चालू आहे यावर काय तपासायचे आणि किती दिवसांनी तपासायचे हे अवलंबून असते.

मात्रा बसवण्याचा काळ : उत्तेजक औषध लहान मात्रेने सुरू करून साधारण आठवड्याच्या अंतराने वाढवत नेतात. व्यक्तीचे वजन पाहून योग्य मात्रा आधी सांगता येत नाही. सारख्याच वजनाच्या दोघांना कधी दुप्पट-तिप्पट फरकाच्या मात्रा लागतात. त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत भेटी जवळजवळ असतात आणि प्रत्येक बदलाच्या आधी व नंतर नाडी व रक्तदाब मोजला जातो. लिस्डेक्सॲम्फेटामिन सहसा ३० मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि त्याची कमाल मात्रा ७० मिलिग्रॅम आहे. ॲटोमॉक्सेटिन प्रौढांना ४० मिलिग्रॅमने सुरू करून ८० पर्यंत आणि गरज पडल्यास १०० पर्यंत नेतात. ते यकृतातील सीवायपी२डी६ या विकराकडून (एन्झाइमकडून) पचवले जाते. काही माणसांत हा विकर जन्मतःच मंद असतो, तर पॅरोक्सेटिन व फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे तो मंद करतात. अशा वेळी नेहमीच्याच मात्रेत औषधाची रक्तातील पातळी कितीतरी वाढते. ॲटोमॉक्सेटिन घेणाऱ्याला दुसऱ्या डॉक्टरांनी नैराश्याची गोळी सुरू केली, तर ही गोष्ट पाठपुराव्यात समजलीच पाहिजे.

या टप्प्यावर घाई करण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. वर्षानुवर्षे अडखळत आलेल्या माणसाला पहिल्या गोळीनंतर डोके शांत झाल्यासारखे वाटते आणि हीच मात्रा बरोबर असे तो ठरवून टाकतो. उलट, पहिल्या आठवड्यात फारसे काही जाणवले नाही तर औषध आपल्यासाठी नाहीच असेही वाटते. दोन्ही निष्कर्ष काढायला तो काळ अपुरा असतो.

हृदय व रक्तदाब : उत्तेजक औषधांमुळे रक्तदाब सरासरी २ ते ४ मिमी पाऱ्याने आणि नाडी मिनिटाला ३ ते ६ ठोक्यांनी वाढते. ॲटोमॉक्सेटिननेही दोन्ही वाढतात. ही सरासरी दिलासा देणारी असली तरी पुरेशी माहिती देत नाही. बहुतेकांत वाढ नगण्य असते आणि थोड्या जणांत ती चांगलीच मोठी असते. ते थोडे कोण, हे मोजल्याशिवाय कळत नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार मात्रा स्थिरावल्यावरही नाडी व रक्तदाब दर सहा महिन्यांनी मोजावा. विश्रांतीच्या अवस्थेत नाडी मिनिटाला १२० च्या वर राहत असेल, ठोके अनियमित पडत असतील किंवा रक्तदाबातील लक्षणीय वाढ दोन वेळा मोजून पक्की झाली असेल, तर मात्रा कमी करून रुग्णाला योग्य तज्ज्ञाकडे पाठवावे असेही तिच्यात म्हटले आहे. सर्वांचा सरसकट ईसीजी किंवा रक्ततपासणी करण्याची शिफारस ही मार्गदर्शिका करत नाही. मात्र श्रम करताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, धडधड, जन्मजात हृदयदोष किंवा जवळच्या नातेवाइकाचा चाळिशीच्या आत हृदयविकाराने अचानक झालेला मृत्यू यांपैकी काही आढळले, तर औषध सुरू करण्यापूर्वीच हृदयरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे लागते. असे लक्षण पुढे कधी नव्याने दिसले तर तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

दीर्घकालीन धोक्याबद्दलचे पुरावे एका दिशेने जात नाहीत. अमेरिकेत २५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक औषध घेणाऱ्यांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हृदयविकाराचा झटका, अचानक हृदयमृत्यू किंवा पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. स्वीडनमधील २,७८,०२७ व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२३ च्या अखेरीस आला. त्यात औषध जितकी अधिक वर्षे घेतले तितका उच्च रक्तदाब आणि धमन्यांच्या विकारांचा धोका काहीसा वाढलेला आढळला आणि ही वाढ पहिल्या तीन वर्षांत अधिक होती. असे निरीक्षणात्मक अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत. तरीही दीर्घ उपचारात रक्तदाबाची मोजणी सोडून चालणार नाही, एवढे त्यातून निश्चित निघते. भीती घालून औषध बंद करायला लावणे आणि ‘काही होत नाही’ म्हणत वर्षभर रक्तदाबच न मोजणे, दोन्ही सारखेच चुकीचे आहे.

मोजण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. आधी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास आधी चहा-कॉफी वा तंबाखू टाळावी, आणि शेवटची गोळी घेऊन किती वेळ झाला ते आकड्यासोबत लिहावे. सकाळी गोळी घेण्यापूर्वी मोजलेला रक्तदाब औषधाच्या परिणामाबद्दल फारसे सांगत नाही. घरी मोजायचा असेल तर यंत्र दंडावरचे असावे. सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनही रक्तदाब वाढवते. ते चालू असताना घेतलेल्या आकड्यावरून मात्रेचा निर्णय घेऊ नये.

उपयोग होतो आहे का : आकडे मोजायला सोपे असतात, म्हणून अनेक ठिकाणी पाठपुरावा त्यांच्यापाशीच थांबतो. वजन घेतले, रक्तदाब घेतला, ‘बरे वाटते ना?’ असे विचारले की पुढची चिठ्ठी तयार होते. पण औषध सुरू करण्यामागचा हेतू रक्तदाब नव्हताच. बिले वेळेवर भरली जातात का, बोलणाऱ्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबता येते का, गाडी चालवताना लक्ष भरकटते का, संध्याकाळी घरच्यांसाठी काही शक्ती उरते का, यासाठी ते सुरू केलेले असते. म्हणून उपचाराच्या प्रारंभीच दोन-तीन ठोस गोष्टी लिहून ठेवाव्यात आणि प्रत्येक भेटीत त्यांच्याकडे परत वळावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली, १८ प्रश्नांची एएसआरएस ही स्वयंप्रश्नावली लक्षणांची तुलना करायला उपयोगी पडते. मात्र लक्षणांचे गुण घटले म्हणजे रोजचे जगणे सावरले, असे प्रत्येक वेळी नसते.

यात जवळच्या माणसाचे म्हणणे फार मोलाचे असते. चिडचिड वाढली आहे, बोलणे तुटक झाले आहे, जेवण अर्ध्यावर राहते, हे पुष्कळदा जोडीदाराला आधी दिसते. अर्थात, त्याला विचारायचे ते रुग्णाच्या संमतीनेच. भावना बोथट झाल्यासारखे वाटणे, पूर्वीचा मोकळेपणा हरवणे ही तक्रार रुग्ण बऱ्याचदा स्वतःहून सांगत नाहीत, कारण कामे तर होत असतात. बहुधा ते मात्रा जास्त झाल्याचे लक्षण असते आणि कमी केल्यावर ते निवळते.

दिवसभराचा आलेखही विचारावा लागतो. साध्या मेथिलफेनिडेटचा परिणाम तीन-चार तास टिकतो, दीर्घकाळ काम करणाऱ्या काही गोळ्यांचा बारा तासांपर्यंत. परिणाम ओसरताना थकवा, चिडचिड किंवा लक्षणांची उसळी दिसू शकते. ‘औषध चालत नाही’ या तक्रारीमागे कित्येकदा हा संध्याकाळचा उतार असतो. त्यावर मात्रा वाढवण्यापेक्षा गोळीचा प्रकार किंवा वेळ बदलल्याने अधिक गुण येतो.

विसरण्याचा विकार आणि भेटीची तारीख : पाठपुराव्यातली सर्वांत मोठी अडचण विकारातूनच येते. भेटीची वेळ लक्षात ठेवणे, गोळ्या संपण्याआधी चिठ्ठी मिळवणे, रक्तदाबाची वही सोबत नेणे, ही सारी कामे ज्या क्षमतांवर उभी असतात, त्याच या विकारात कमकुवत असतात. पुष्कळ प्रौढ रुग्णांचे औषध पहिल्याच वर्षात बंद पडते आणि तरुण वयात हे प्रमाण विशेष असते. काहींनी ते विचारपूर्वक सोडलेले असते. इतरांचे मात्र एक भेट हुकली, चिठ्ठी संपली, पुन्हा फोन करायला संकोच वाटला, असे होत होत सुटलेले असते. भेट चुकवणाऱ्याचे नाव यादीतून काढण्याचा दवाखान्यांचा नियम इथे ज्याला उपचाराची गरज जास्त, त्यालाच बाहेर ठेवतो. आदल्या दिवशी आणि त्याच सकाळी संदेश पाठवणे, पुढची तारीख निघण्यापूर्वीच ठरवणे, शक्य तेव्हा फोनवर किंवा व्हिडिओवर भेट घेणे आणि घरी मोजलेला रक्तदाब स्वीकारणे, या सोयी उपचाराचाच भाग मानायला हव्यात.

झोप, भूक, मन : उत्तेजक औषधांनी भूक मंदावते आणि झोप लांबते. वजन सहा महिन्यांनी पाहतात आणि ते घटत असल्यास जेवणाच्या व गोळीच्या वेळा बदलून पाहतात. खाण्याचा विकार पूर्वी होऊन गेला असेल तर घटत्या वजनाकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. ॲटोमॉक्सेटिनने मळमळ, लघवीला अडथळा आणि लैंगिक अडचणी येऊ शकतात. त्या मुद्दाम, थेट विचाराव्या लागतात; संकोचापायी लोक न सांगताच औषध सोडतात. या औषधाने क्वचित यकृताला गंभीर इजा होते. डोळे पिवळे होणे किंवा लघवी गडद होणे दिसताच ते थांबवून यकृताची तपासणी करतात.

उत्तेजक औषधांमुळे भास, संशय किंवा उन्मादाची अवस्था उद्भवू शकते. १३ ते २५ वयोगटावरील २०१९ च्या अमेरिकी अभ्यासात नव्याने औषध सुरू केलेल्या सुमारे ६६० जणांमागे एकाला मनोविकृतीची लक्षणे दिसली आणि ॲम्फेटामिन वर्गात ती मेथिलफेनिडेटपेक्षा अधिक होती. झोप कमी होऊनही थकवा न वाटणे, एकाएकी मोठमोठे बेत आखणे ही औषध उत्तम लागू पडल्याची खूण समजली जाते, पण ती उन्मादाची सुरुवातही असू शकते. आत्महत्येचे विचार आहेत का, हे मात्रा बदलल्यावर आणि ॲटोमॉक्सेटिनच्या पहिल्या महिन्यांत स्पष्ट शब्दांत विचारणे आवश्यक असते.

गैरवापर : मेथिलफेनिडेट आणि ॲम्फेटामिन ही दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या मनोप्रभावी पदार्थांविषयीच्या कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. म्हणून त्यांच्या चिठ्ठ्यांवर कडक नियम असतात. गोळ्या वारंवार हरवणे, मुदतीआधी संपणे, मित्राला परीक्षेसाठी देणे याबद्दल विचारपूस करायची ती आरोपाच्या सुरात नव्हे. दरडावले की माणूस पुढच्या वेळी खरे सांगत नाही. धोका जाणवल्यास ॲटोमॉक्सेटिन किंवा लिस्डेक्सॲम्फेटामिन हे पर्याय पुढे येतात. लिस्डेक्सॲम्फेटामिनचे शरीरात गेल्यावर हळूहळू डेक्सॲम्फेटामिन होते, त्यामुळे नाकाने ओढून झटपट नशा साधत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला या औषधाची माहिती द्यावी लागते, कारण मेथिलफेनिडेट आणि काही वायुरूप भुलींच्या एकत्र परिणामाने रक्तदाब अचानक चढू शकतो. नैराश्यावरील एमएओ-रोधक औषध थांबवल्यावर किमान १४ दिवस गेल्याशिवाय उत्तेजक औषधे वा ॲटोमॉक्सेटिन सुरू करत नाहीत. गर्भधारणेचा विचार असेल तर औषधाविषयीचा निर्णय आधीच, निवांतपणे झालेला बरा.

वार्षिक आढावा व औषध थांबवणे : वर्षातून किमान एकदा हे औषध अजून हवे का, हा प्रश्न सविस्तर चर्चेला घ्यावा. त्याचे उत्तर मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे ठरवून घेतलेला थोड्या काळाचा खंड किंवा कमी केलेली मात्रा. असा खंड परीक्षेच्या, नव्या नोकरीच्या किंवा घरातल्या धामधुमीच्या दिवसांत घेऊ नये. तेव्हा वाढलेला गोंधळ औषधाच्या अभावाचा की परिस्थितीचा, हे ओळखता येत नाही. उत्तेजक औषधे नियमित मात्रेत घेतली असतील तर थांबवल्यावर मुख्यतः थकवा व झोपाळूपणा जाणवतो, पण मन खिन्न होते का याकडे लक्ष ठेवावे लागते. ॲटोमॉक्सेटिन टप्प्याटप्प्याने कमी न करताही थांबवता येते. ग्वानफासिन व क्लोनिडिन मात्र एकदम सोडल्यास रक्तदाब उसळतो, म्हणून ती हळूहळूच कमी करतात.

खंड न ठरवता पडलेला असेल आणि व्यक्ती अनेक महिन्यांनी परत आली असेल, तर जुनी पूर्ण मात्रा तशीच लिहून देत नाहीत. मधल्या काळात नवे आजार, नवी औषधे किंवा गर्भधारणा झाली आहे का ते विचारतात, नाडी, रक्तदाब व वजन पुन्हा नोंदवतात, कमी मात्रेने सुरुवात करून पुन्हा वाढवतात आणि औषध नेमके कशामुळे सुटले याची नोंद करून पुढच्या भेटींची आखणी त्यानुसार बदलतात.