तान्ह्या बाळासह विमानप्रवास: गोव्यातील पालकांसाठी वयाचे नियम, कागदपत्रे आणि पासपोर्टचा अर्ज

विमान कंपन्या मुलांचे सामान्यतः दोन गट करतात. वयाची २ वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल 'इन्फंट' असते, म्हणजे त्याला स्वतंत्र आसन न घेता पालकांच्या मांडीवर बसवून नेता येते. त्यानंतर १२ वर्षे पूर्ण होईपर्यंत ते 'चाइल्ड' ठरते आणि त्याला स्वतःचे आसन घ्यावेच लागते. हे वय तिकीट काढल्याच्या दिवशी नव्हे, तर प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी मोजले जाते. त्यामुळे २३ महिन्यांच्या बाळाला घेऊन दुबईला गेलेले कुटुंब त्याचा दुसरा वाढदिवस तिथेच साजरा करून परतणार असेल, तर जाताना बाळ मांडीवर आणि येताना आसनावर, असे बुकिंग आरंभीच करून घ्यावे. ऐनवेळी आसन मागितल्यास त्या दिवशीचा दर मोजावा लागतो आणि विमान भरलेले असेल तर पैसे देऊनही उपयोग होत नाही. अगदी नवजात बाळांच्या बाबतीत कंपन्यांचे नियम सारखे नाहीत. कोणी तिसऱ्या दिवसापासून प्रवासाला परवानगी देते, कोणी सातव्या, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी डॉक्टरांचे पत्र मागितले जाते.

एका प्रौढ प्रवाशाच्या मांडीवर एकच बाळ नेता येते. जुळ्यांना घेऊन आई एकटी निघाली असेल तर तिला सोबत आणखी एक प्रौढ हवा, किंवा दुसऱ्या बाळासाठी आसन घेण्यास कंपनीची मुभा हवी. दोन मैत्रिणी आपापली तान्ही बाळे घेऊन शेजारी बसू पाहतात तेव्हा त्यांना वेगळ्या ओळींत पाठवले जाते, त्यामागेही कारण आहे. गोव्याहून सहसा उडणाऱ्या एकमार्गिकेच्या विमानांत एका बाजूला तीन आसने असतात, आणि त्यांच्या डोक्यावर साधारणपणे प्राणवायूचे चारच मुखवटे असतात. म्हणजे त्या तीन आसनांमागे एकच जादा मुखवटा, एकाच बाळापुरता.

देशांतर्गत प्रवासात बाळाच्या छायाचित्रासह ओळखपत्राचा आग्रह सहसा धरला जात नाही, परंतु वयाचा पुरावा कंपनी मागतेच. जन्मदाखला, पासपोर्ट, लसीकरणाचे कार्ड किंवा इस्पितळातून घरी सोडतानाचे पत्र यांपैकी काहीही बहुधा चालते. शेवटच्या दोन कागदांविषयी मात्र सावध राहावे. त्यांवर पुष्कळदा बाळाचे नाव नसते, केवळ 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचे नाव असते. तिकिटावर बारशात ठेवलेले नाव आणि हातातल्या कार्डावर आईचे, अशा स्थितीत काउंटरवरचा कर्मचारी ते कार्ड दोनदा उलटसुलट करून पाहतो आणि वरिष्ठाला बोलावतो. पुढची पंधरा मिनिटे कडेवरच्या बाळासह उभे राहण्यात जातात. माझ्या मते जन्मदाखल्याखेरीज दुसऱ्या कागदावर विसंबून घराबाहेर पडूच नये.

हा दाखला मिळवण्याची सुरुवात अर्थातच जन्मनोंदणीपासून होते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून, आणि त्यापुढे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने. गोव्यात ही नोंद जन्मस्थानाच्या हद्दीतील पंचायतीत किंवा नगरपालिकेत असते, घरच्या गावात नव्हे, हे इस्पितळात प्रसूती झालेल्यांनी ध्यानात ठेवावे. नोंद बाळाच्या नावाविना झाली असेल तर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, आणि ते पासपोर्टचा अर्ज करण्यापूर्वीच घालून घ्यावे. आडनावाचे स्पेलिंग तर अक्षर अक्षर लावून पाहावे. एकाच घरात आजोबांच्या पोर्तुगीज काळातील कागदावर कामत 'सी'ने सुरू होतात आणि नातवाच्या दाखल्यावर 'के'ने. बाळासाठी महत्त्वाचे एवढेच की त्याच्या दाखल्यावरील आईवडिलांची नावे त्यांच्या आजच्या पासपोर्टशी जुळली पाहिजेत.

परदेशी जायचे असल्यास एका दिवसाच्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो, आणि जिथे व्हिसा लागतो तिथे स्वतंत्र व्हिसाही. अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर भरून, शुल्क तिथेच भरून भेटीची वेळ घ्यावी लागते. अल्पवयीनांसाठी ३६ पानी पासपोर्टचे साधारण शुल्क १,००० रुपये आहे आणि ८ वर्षांखालील मुलांच्या नव्या अर्जाला त्यात १० टक्के सूट मिळते. भेटीच्या दिवशी बाळाला सोबत न्यावे लागते. जन्मदाखला, आईवडिलांचे पासपोर्ट मूळ प्रत व झेरॉक्ससह, पालकांच्या नावावरील पत्त्याचा पुरावा आणि दोघांच्या सह्यांचे 'परिशिष्ट डी' हे संमतिपत्र जवळ असावे. मोठ्यांचे छायाचित्र तिथेच काढतात. ४ वर्षांखालील मुलांचे मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेले घरून न्यावे लागते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य आहे.

दोघांच्या सह्यांची अट गोव्यात अनेक घरांना अडचणीची ठरते, कारण वडील तारवटी म्हणून जहाजावर असतात किंवा आखातात नोकरीला. परदेशी असलेल्या पालकाने तेथील भारतीय दूतावासातून साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्र पाठवावे. एका पालकाची संमती मिळणेच शक्य नसेल तेव्हा 'परिशिष्ट सी' भरून दुसऱ्याला एकट्याने अर्ज करता येतो. मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांसाठी, किंवा ते १८ वर्षांचे होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर वैध असतो. आईवडील दोघांनीही पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्यानंतर बाळ गोव्यात जन्मले असेल, तर त्याला भारतीय पासपोर्ट मिळत नाही. त्याचे कागद आधी पोर्तुगालकडून करून घ्यावे लागतात.

तिकीट काढतानाच बाळाचे नाव व जन्मतारीख त्यात घालावी, कारण नाव नसलेल्या बाळाला विमानतळाच्या दारातच अडवले जाऊ शकते. बाळ सोबत असल्यास ऑनलाइन चेक-इन झाले तरी कागद दाखवण्यासाठी काउंटरवर जावे लागते, असे समजूनच वेळ धरावी. त्याहून आधी तिकिटावरील विमानतळ पाहावा. जानेवारी २०२३ पासून दाबोळी आणि पेडण्यातील मोपा असे दोन्ही विमानतळ चालू आहेत, आणि 'गोवा' हा शब्द दोन्हींच्या तिकिटांवर असतो. 'जीओआय' म्हणजे दाबोळी, 'जीओएक्स' म्हणजे मोपा. चुकीच्या दारात पोहोचलेल्याला बाळ, बाबागाडी आणि बॅगांसह झुआरी व मांडवी ओलांडून दुसऱ्या टोकाला जावे लागते. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच बुकिंगवरील किमान एका पालकाशेजारी आसन द्यावे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा एप्रिल २०२४ चा आदेश आहे. पैसे भरून आसन निवडले नसले तरी काउंटरवर तो सांगता येतो.

सुरक्षा तपासणीत बाळाचे दूध आणि खाणे प्रवासापुरते नेता येते. आंतरराष्ट्रीय प्रवासातील १०० मिलिलिटरची मर्यादा त्याला लागत नाही, मात्र बाटली बाहेर काढून दाखवावी लागते. घडीची बाबागाडी बहुतेक कंपन्या विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात आणि तिचे पैसे घेत नाहीत. उतरल्यावर ती दाराशी मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे जमा करतानाच विचारून घ्यावे.