जुन्या इलेक्ट्रिक गिटारचा झिजलेला रंग: काढावा की राहू द्यावा?

1950-60च्या दशकातली फेंडर किंवा गिब्सन या अमेरिकन कंपन्यांची गिटार विकायला निघाली, की गिऱ्हाईक आवाजाच्याही आधी विचारतं, रंग मूळचा आहे का? उत्तर ‘नाही’ आलं तर किंमत साधारण निम्म्यावर येते, असा या बाजाराचा ठोकताळा आहे. पिकअप (तारांची कंपनं पकडणारे चुंबकीय भाग) तेच, लाकूड तेच, नेकही (गिटारची लांब मान) तोच असला तरी. म्हणून टवके उडालेल्या, कडांना लाकूड उघडं पडलेल्या गिटारला पुन्हा रंग द्यावा का, असं कुणी विचारलं तर जाणकार पुरतं ऐकूनही न घेता ‘हात लावू नका’ म्हणतात. सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण तो फार जुना नाही. या गिटार नव्या होत्या तेव्हा त्या बनवणाऱ्या कारखान्यांनाही तसं काही वाटत नव्हतं.

लिओ फेंडर वाद्यकारागिरांच्या घराण्यातला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि गिटारकडेही तो दुरुस्तीवाल्याच्याच नजरेने पाहत असे. 1951 साली टेलिकास्टर हे नाव मिळालेली त्याची गिटार आणि 1954ची स्ट्रॅटोकास्टर या दोन्हींची बॉडी म्हणजे कापून आकार दिलेली भरीव फळी. तिला नेक चार स्क्रूंनी आवळलेला. बिघडला तर काढा, दुसरा बसवा. रंगाचा विचारही असाच सरळ होता. मोटारींना जो रंग लागतो तोच गिटारला मारायचा.

हा रंग म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनवलेला पदार्थ द्रावकात विरघळवायचा आणि फवारायचा. ड्यू पाँट कंपनीने 1920च्या दशकात तो ‘ड्यूको’ या नावाने मोटारींसाठी आणला. तोवर गाडीचा रंग पूर्ण व्हायला आठवडे लागत, हा मात्र झटपट वाळे. जनरल मोटर्सने त्याच्या जोरावर रंगीत गाड्या विकायला सुरुवात केली. फेंडरने 1956 साली जाहीर केलं, की पाच टक्के जादा द्या आणि हव्या त्या ड्यूको रंगात गिटार घ्या. 1960च्या सुमारास रंगांचा छापील तक्ताच आला. त्यातला फिएस्टा रेड फोर्डच्या थंडरबर्डचा, सर्फ ग्रीन शेवरलेटचा, तर सॉनिक ब्लू आणि लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचे. आज संग्राहक ज्या रंगांसाठी लाखोंनी जादा मोजतात ते मुळात डेट्रॉइटच्या गाड्यांचे होते, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात गमतीचं वाटतं.

आजचा वाद समजायचा तर या लॅकरचा स्वभाव माहीत हवा. तो फक्त द्रावक उडून वाळतो, रासायनिकरीत्या पक्का होत नाही. त्यामुळे नवा हात मारला की तो खालच्या थरात थोडा विरघळून एकजीव होतो. थर पातळ बसतो, डागडुजी सोपी जाते. पण वाळण्याची क्रिया पुरती कधी थांबतच नाही. वर्षानुवर्षं तो आक्रसतो, लाकडात बसतो, पिवळा पडतो. म्हणून जुना ऑलिम्पिक व्हाइट सायीच्या रंगाचा दिसतो आणि लेक प्लॅसिड ब्लू हिरवट. थंडीतून एकदम उबेत आलेल्या गिटारवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडतं. रोज घामट हात टेकत असेल तर लॅकर मऊ होऊन निघून जातो. काही रबरी स्टँडवर नुसती ठेवली तरी तिथे डाग उठतो.

गिब्सनचं काम मिशिगनमधल्या कॅलामाझूत चाले. तिथे लाकूडकामाची परंपरा होती, पण लॅकर त्याच जातीचा. त्यांची 1952ची लेस पॉल ही गिटार सोनेरी होती, ब्राँझची पूड मिसळलेल्या रंगात. ती पूड उघडी पडली की हिरवी पडते. 1958 ते 60 या काळात तीच लेस पॉल मेपल लाकडाचे रेषे दिसतील अशा लालसर सनबर्स्टमध्ये (मध्ये उजळ आणि कडांकडे गडद होत जाणारा रंग) आली. तो लाल रंग उन्हात टिकेना. दुकानाच्या काचेत लटकलेल्या गिटार काही वर्षांत मधाच्या, चहाच्या, लिंबाच्या छटांवर आल्या. फेंडरने 1958मध्ये आपल्या सनबर्स्टमध्ये लाल पट्टा घातला, त्याचंही सुरुवातीला तेच झालं. त्या वेळी हा निव्वळ रंगातला दोष होता. आज एकेका फिकट छटेला नाव आहे आणि नावागणिक भाव.

त्या काळात रंग उडाला तर तो पुन्हा मारून घेत. फेंडर आणि गिब्सन दोघांकडेही गिटार परत पाठवून नव्याने रंगवून घेता येई. कारखान्यात सनबर्स्ट मारून तयार असलेल्या बॉडीवर ऑर्डर आली म्हणून दुसरा रंग फवारला, असंही होई. मिरजेत जुना तंबोरा घेऊन गेलं तर जवारीबरोबर पॉलिशचंही काम निघतं आणि तंबोऱ्याची किंमत घटली असं कुणाला वाटत नाही, तसंच ते होतं. 1959 साली ब्रिटिश गिटारवादक हँक मार्विनसाठी अमेरिकेहून लाल स्ट्रॅटोकास्टर आली आणि ब्रिटनमधल्या पोरांना तशीच लाल हवी झाली. तिथे आलेल्या कित्येक सनबर्स्ट गिटार विक्रीआधी लाल करून घेतल्या गेल्या. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने 1967मध्ये आपल्या सॉनिक ब्लू स्ट्रॅटवर स्वतः बसून चमकत्या रंगांची नक्षी काढली, त्यात बायकोचं नेलपॉलिशही वापरलं. त्याची ‘लूसी’ म्हणून ओळखली जाणारी लाल लेस पॉल मुळात 1957ची सोनेरी गिटार. आधीच्या मालकाने ती गिब्सनकडूनच लाल करून घेतली होती. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने ती हॅरिसनला दिली तेव्हा कुणालाही हळहळ वाटली नाही.

1968मध्ये बीटल्सचाच जॉन लेनन आणि हॅरिसन यांनी आपापल्या एपिफोन कसिनो या गिटारचा रंग पुरता काढला. त्याने गिटारला मोकळा श्वास मिळतो, असं हॅरिसनचं मत होतं. ते पसरलं, आणि 1970च्या दशकात हौशी लोकांनी पेंट रिमूव्हर आणि पॉलिश पेपर घेऊन अक्षरशः ढिगांनी गिटार खरवडल्या. आवाज खरंच बदलला का? पोकळ बॉडीच्या कसिनोबद्दल मी वाद घालणार नाही. पण भरीव फळीच्या आणि चुंबकीय पिकअपच्या गिटारमध्ये रंगाच्या पातळ थराने ऐकू येईल इतका फरक पडत असेल यावर माझा विश्वास नाही. नुकसान मात्र दिसतं. स्ट्रॅटोकास्टरची मागची पोटाची खोलगट बाजू आणि हाताखालचा उतार घासता घासता सपाट होतात, कडा बोथट होतात. रंग पुन्हा मारता येतो, गेलेलं लाकूड परत येत नाही.

हवा बदलली ती एका खरेदीने. जानेवारी 1965मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने 1 कोटी 30 लाख डॉलरला फेंडर कंपनी घेतली. उत्पादन वाढलं, काम ढिलं झालं. 1968च्या सुमारास जाड, काचेसारखा पॉलिएस्टरचा थर आला. हा रासायनिक क्रियेने पक्का होतो, द्रावकात विरघळत नाही. तो झिजत नाही, आदळला की टवका उडतो. गंमत म्हणजे हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या टोकाला असलेल्या डोक्याच्या, दर्शनी बाजूवर जुनाच लॅकर राहिला, कारण तिथल्या नावाच्या स्टिकरशी नव्या रंगाचं जमत नव्हतं. म्हणून 70च्या दशकातल्या कित्येक फेंडरची बॉडी चकचकीत आणि डोकं पिवळं दिसतं.

नव्या गिटार आवडेनात तसे वादक जुन्यांकडे वळले. 1970 साली क्लॅप्टनने नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅट शंभरेक डॉलरना एक अशा उचलल्या, काही मित्रांना वाटल्या आणि तिघींचे भाग जोडून ‘ब्लॅकी’ बनवली. 2004मध्ये लिलावात तिला 9 लाख 59 हजार 500 डॉलर आले. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात वापरलेल्या गिटारची ‘व्हिंटेज’ गिटार झाली. आणि किंमत आली की नकलाही येतात. दुर्मीळ रंगाला जादा भाव, म्हणून साध्या सनबर्स्टला तो रंग फासून मूळचा म्हणून विकायचं. सोनेरी लेस पॉलची सनबर्स्ट करायची. रंग मूळचा आहे हे सिद्ध करणं तेव्हापासून एक विद्या झाली.

त्या विद्येचं सगळं भांडवल कारखान्यातल्या कामाच्या सवयींत आहे. फेंडरमध्ये 1964च्या सुमारापर्यंत बॉडी बारीक खिळ्यांवर टेकवून रंगवत आणि वाळवत, मग खिळे उपटत. म्हणून मूळ रंगाच्या गिटारमध्ये पिकगार्डखाली (बॉडीवर बसवलेल्या पातळ संरक्षक पाटीखाली) ती भोकं दिसतात आणि आत कोरडं लाकूड असतं. भोकात रंग उतरला असेल तर तो नंतर मारलेला. 60च्या दशकात बॉडी धरायला नेकच्या खाचेत एक पट्टी स्क्रूने बसवू लागले, तिच्याखालची जागा रंगाविना राहते. अतिनील दिव्याखाली जुना लॅकर पिवळट-हिरवट उजळतो, नंतरचा डाग वेगळा उठून दिसतो. पिकगार्डखाली उजेड न लागलेला रंग बाहेरच्यापेक्षा ताजा असायला हवा. म्हणजे कधीकाळी कारखान्याने ज्याची पर्वा केली नव्हती ते डाग आणि भोकं हाच आता पुरावा आहे, आणि गिटार तासून रंगवली की यातलं बहुतेक जातं. किंमत निम्मी होण्याचं खरं कारण माझ्या मते हे आहे. नवा रंग कुरूप असतो म्हणून ती घटत नाही. तो मूळच्यापेक्षा सुबक असला तरी घटतेच.

झीज सुंदर वाटणं ही त्याच्याही नंतरची गोष्ट. आयर्लंडचा गिटारवादक रोरी गॅलाहर याची 1961ची स्ट्रॅट घ्या. 1963मध्ये त्याने कॉर्कच्या दुकानातून ती शंभर पौंडांना जुनीच घेतली. आधीच्या मालकाला लाल हवी होती आणि आली सनबर्स्ट, म्हणून ती विकली गेली, असं सांगतात. एकदा ती चोरीला गेली आणि पावसात एका चरीत पडलेली सापडली. पावसाने, घामाने आणि वर्षांच्या वादनाने तिचा जवळजवळ सगळा रंग गेला. 2024मध्ये लंडनच्या लिलावात ती खर्चासह 8 लाख 89 हजार 400 पौंडांना गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आली. गॅलाहरने तिला मध्येच छान रंग देऊन घेतला असता तर? वाजवणारा तोच, तरी ती गिटार कुणी ओळखली नसती. अशा गिटार पाहून नव्यांनाही ते रूप हवं झालं. 1995मध्ये फेंडरच्या कस्टम शॉपने, म्हणजे खास गिटार बनवणाऱ्या विभागाने, मुद्दाम झिजवलेल्या ‘रेलिक’ गिटार काढल्या. चकचकीत नव्या गिटारपेक्षा खरवडलेली महाग! याला हसावंसं वाटतं, पण हातात घेतल्यावर घासलेला नेक खरंच बरा लागतो, हे मान्य केलं पाहिजे.

आता मूळ प्रश्न. मूळ लॅकर थोडा जरी शिल्लक असेल तर तो ठेवावा, यात मला शंका नाही. ‘फक्त जपायला वरून पारदर्शक हात मारू’ हाही मोह टाळावा, बाजार त्यालाही पुन्हा रंगवणंच समजतो. पोपडे निघत असतील तर तेवढ्याच जागी लॅकरचा थेंब सोडून कडा बसवता येते. 70च्या दशकातल्या जाड पॉलिएस्टरच्या गिटारचाही मूळ थर राहू द्यावा. त्यांना एकेकाळी कुणी विचारत नव्हतं, आता त्यांचेही भाव चढले आहेत.

ज्या गिटार 70च्या दशकात खरवडल्या गेल्या किंवा कुणी घरी ब्रशने रंगवल्या, त्यांचा प्रश्न वेगळा. तिथे गमावण्यासारखं आधीच गेलेलं आहे. उघडं लाकूड घाम आणि मळ पितं, काळं पडतं. अशी गिटार चांगल्या कारागिराकडून त्या काळच्या पद्धतीने, पातळ लॅकरमध्ये रंगवून घ्यायला काहीच हरकत नाही. अट एकच, विकताना ते सांगायचं. वाजवणाऱ्यासाठी तर ही पर्वणीच. गिटार त्याच काळातली आणि किंमत निम्मी.

मात्र नंतरच्या रंगाला हात घालण्याआधी त्याच्या खाली काय आहे ते बघावं. सगळ्यांनी लाकडापर्यंत तासलेलं नसतं. कित्येकांनी जुन्यावरच नवा फवारला. नेकच्या खाचेत, पिकअपच्या खळग्यात जुन्या रंगाची कड दिसली तर वरचा थर हळूहळू उतरवून मूळ रंग उघडा करणारे कारागीर आहेत. वरचा थर पॉलिएस्टरसारखा असेल तर तो द्रावकाने न विरघळणारा, म्हणून कडेने टवके काढत सोलावा लागतो. खालचा थर नायट्रोचा आणि वरचाही नायट्रोचा असेल तर काम सगळ्यात अवघड, कारण एक विरघळवणारं द्रावक दुसऱ्यालाही विरघळवतं. मग बारीक पेपरने मिलिमीटर मिलिमीटर घासत जावं लागतं. खाली सापडणारा रंग डागाळलेला, विरलेला असतो. तरीही अशी गिटार पूर्ण रंगवलेलीपेक्षा जास्त भावाने जाते.