प्रभाग समिती

प्रभाग समिती : महानगरपालिकेच्या क्षेत्राचे भाग पाडून प्रत्येक भागासाठी स्थापन केली जाणारी वैधानिक समिती. त्या भागातून निवडून आलेले सर्व नगरसेवक, तेथील कार्यालयाचा प्रमुख अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांमधून घेतलेले जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य मिळून ती बनते. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत अशी समिती असणे संविधानाच्या अनुच्छेद २४३ एसनुसार बंधनकारक आहे. महाराष्ट्रात तिचा आधार म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम (मूळचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९) यातील कलम २९ अ. मुंबईपुरते मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ५० टीटी लागू होते. पुण्यात समितीची हद्द क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीशी जुळवलेली असते, मुंबईत ए, बी, सी अशा अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रशासकीय विभागांशी. दोन्हीकडे एका समितीखाली अनेक निवडणूक प्रभाग येतात. नावावरून तसे वाटत नाही, म्हणून हे आरंभीच सांगितलेले बरे.

उगम : प्रभाग समितीच्या कल्पनेचे मूळ कोठे, याविषयी एकमत नाही. एक मत तिला इंग्रजपूर्व नागरी व्यवस्थेशी जोडते. पेशवेकालीन पुणे हे पेठांचे शहर होते. पेठ वसवताना शेटे व महाजन नेमले जात, बाजारातील हक्क व तंटे त्यांच्याकडे असत आणि पेठेचा कारभार बऱ्याच अंशी पेठेतच मिटे. या व्यवस्थेत आजच्या विकेंद्रित नगरकारभाराचे बीज पाहणारे अभ्यासक आहेत. मात्र या मतापुढे दोन अडचणी उभ्या राहतात. शेटे-महाजनकी हे वतन होते. ते वंशपरंपरेने चाले आणि रहिवाशांच्या निवडीचा त्यात प्रश्नच नव्हता. शिवाय त्यांचा संबंध मुख्यतः व्यापार, वसाहत व हक्कदारी यांच्याशी होता. चौक्या-पहारे, वजनमापे, रस्ते यांसारखी कामे १७६४ च्या सुमारास थोरल्या माधवरावांच्या काळात सुव्यवस्थित झालेल्या कोतवालीकडे, म्हणजे सरकारनियुक्त अधिकाऱ्याकडे होती. आजची समिती ज्या कामांसाठी आहे, ती कामे पेठेच्या वतनदारांपेक्षा कोतवालाच्या दप्तराला अधिक जवळची ठरतात. त्यामुळे पेठेपासून प्रभाग समितीपर्यंत सरळ रेषा ओढणे अवघड आहे.

दुसरे मत ब्रिटिशकालीन नगरपालिकांपासून सुरुवात करते. १८५० च्या २६ व्या अधिनियमाखाली पुण्यात १८५७ मध्ये नगरपालिका आली. मुंबईत १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांच्या सभेतील निम्मे सदस्य करदात्यांनी निवडून द्यावेत असे ठरले आणि १८८८ च्या कायद्याने आयुक्त व सभा यांची आजवर टिकलेली विभागणी केली. या कायद्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता यांचा वाटा मोठा मानला जातो. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्यविषयक १८८२ चा ठरावही या संदर्भात नेहमी उद्धृत केला जातो. परंतु या टप्प्यात वॉर्ड हे मतदारांचे आणि प्रशासनाचे एकक होते, निर्णयाचे नव्हते. शहराच्या एका भागातील प्रतिनिधींनी त्या भागापुरते बसून काही मंजूर करावे, ही कल्पना १८८८ च्या मूळ चौकटीत नव्हती. तिच्यात सर्व समित्या शहरभराच्या होत्या.

तिसरे मत या समितीचा उगम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोधते आणि उपलब्ध पुराव्याशी तेच अधिक जुळते. कोलकाता महानगरपालिकेच्या १९८० च्या अधिनियमाने (अंमल १९८४ पासून) अनेक प्रभागांचा एक ‘बरो’ करून त्या भागातील नगरसेवकांची समिती नेमली. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नागरीकरण आयोगाने १९८८ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर १९८९ मध्ये राजीव गांधी सरकारने मांडलेल्या ६५ व्या घटनादुरुस्ती विधेयकात शहरांतील खालच्या पातळीवरील समित्यांचा विचार आला. हे विधेयक ऑक्टोबर १९८९ मध्ये राज्यसभेत आवश्यक बहुमताअभावी पडले. पुढे डिसेंबर १९९२ मध्ये संमत झालेली व १ जून १९९३ पासून अमलात आलेली ७४ वी घटनादुरुस्ती ही प्रभाग समितीची आजची जननी होय.

घटनात्मक तरतूद : अनुच्छेद २४३ एस आटोपशीर आहे आणि त्याचा आटोपशीरपणाच पुढील वादांचे कारण ठरला. ‘एक किंवा अधिक प्रभागांची मिळून’ समिती असावी, एवढेच तो सांगतो. रचना, हद्द आणि जागा भरण्याची रीत त्याने राज्य विधिमंडळावर सोपवली. संबंधित प्रभागांचे नगरसेवक समितीचे सदस्य असतील आणि समितीत एकच प्रभाग असेल तर त्याचा नगरसेवक, एकाहून अधिक असतील तर नगरसेवकांपैकी समितीने निवडलेला एक जण अध्यक्ष होईल, हे मात्र पक्के केले आहे. समितीने काय करावे, याविषयी घटना जवळजवळ गप्प आहे.

‘एक किंवा अधिक’ या शब्दांतील मोकळीक राज्यांनी वेगवेगळ्या रीतीने वापरली. पश्चिम बंगाल व केरळ यांनी प्रत्येक प्रभागाला स्वतंत्र समिती देण्याचा मार्ग धरला. तेथे नगरसेवकाभोवती त्या वस्तीतील रहिवासी बसतात. महाराष्ट्राने ‘अधिक’ हा पर्याय निवडला. परिणामी येथील प्रभाग समिती नावाने प्रभागाची असली, तरी स्वरूपाने कोलकात्याच्या बरो समितीला जवळची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि प्रशासकीय विभाग २४ होते; म्हणजे सरासरी एका विभागात पाच लाखांवर माणसे, साधारण कोल्हापूर शहराएवढी. त्यातही ए, बी व ई यांसारखे काही विभाग जोडून एकच समिती केल्याने समित्यांची संख्या विभागांहून कमी राहिली. वस्तीपातळीवरचे व्यासपीठ या अर्थाने तिला पाहणाऱ्यांचा अपेक्षाभंग येथूनच सुरू होतो.

जुने कायदे ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या नव्या तरतुदींशी सुसंगत करण्यासाठी राज्यांना एक वर्षाची मुदत होती. महाराष्ट्राने ती शेवटच्या क्षणी पाळली : १९९४ चा महाराष्ट्र अधिनियम क्र. ४१ हा ३१ मे १९९४ पासून लागू झाला. कलम आले तरी समित्या लगेच बसल्या असे नव्हे; मुंबईत त्यांचे नियमित काम साधारणतः शतकाच्या अखेरीस सुरू झाल्याचे मानले जाते.

रचना व कामे : अध्यक्षाची निवड दरवर्षी, नव्या अधिकृत वर्षाच्या पहिल्या बैठकीत होते. समितीची मुदत महानगरपालिकेच्या मुदतीबरोबर संपते. तीन नामनिर्देशित सदस्य समितीच्या हद्दीत समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांतील आणि त्याच हद्दीतील मतदार असावे लागतात. त्यांची निवड नगरसेवकच करतात. या जागांवर पक्षकार्यकर्त्यांची वर्णी लागते, अशी तक्रार जवळपास प्रत्येक शहरात ऐकू येते. निवडणाऱ्यांच्या हातीच पात्रतेचा अर्थ लावणे असेल तर ती अस्थानी म्हणता येत नाही.

कायद्याने तीन कामे दिली आहेत. पाणीपुरवठा, मलनिःसारण, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा यांसंबंधी नागरिकांच्या सामाईक तक्रारींचे लवकर निवारण करणे, हे पहिले. प्रभागाशी संबंधित खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्यापूर्वी त्यांवर शिफारशी करणे, हे दुसरे. तिसरे काम आर्थिक आहे : अंदाजपत्रकात विशिष्ट तरतूद असलेल्या आणि मूळ कलमानुसार पाच लाख रुपयांपर्यंतच्या स्थानिक कामांना प्रशासकीय मान्यता व वित्तीय मंजुरी देणे. ‘विशिष्ट तरतूद’ ही अट महत्त्वाची आहे. समिती स्वतः पैसा उभा करीत नाही, त्याचे वाटपही करीत नाही. मुख्य सभेने जे आधीच मान्य केले त्यातील लहान कामांवर ती शिक्का उमटवते. मोठ्या कामांच्या निविदा स्थायी समितीकडे जातात आणि खरी चढाओढ तेथे असते.

प्रत्यक्ष बैठकांत मे महिन्यात नालेसफाई, जूननंतर खड्डे व तुंबलेली गटारे, उन्हाळ्यात कमी दाबाने येणारे पाणी, आणि बारमाही फेरीवाले, पथदिवे व भटकी कुत्री, असे विषय येतात. प्रभाग अधिकाऱ्याला नगरसेवकांच्या प्रश्नांना समोरासमोर उत्तर द्यावे लागते, ही या बैठकीची सर्वांत मोठी उपयुक्तता समजावी. सामान्य नागरिक मात्र समितीचा घटक नाही. त्याची तक्रार नगरसेवकाच्या तोंडून किंवा लेखी अर्जानेच आत जाते.

अंदाजपत्रकाशी संबंध : समितीच्या शिफारशींपेक्षा नगरसेवकांच्या वैयक्तिक तरतुदींचा प्रभाव अधिक राहिला आहे. पुण्यात ही तरतूद ‘स’ यादी या नावाने ओळखली जाते. बाके, नामफलक, पदपथावरील फरशा अशा कामांवरून होणारी टीका मुख्यतः तिच्याच खर्चावर असते. पुणे महानगरपालिकेने २००६ मध्ये, नितीन करीर आयुक्त असताना, नागरिकांकडून अर्ज मागवून त्यांनी सुचवलेली लहान कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. हे अर्ज क्षेत्रीय कार्यालयांत स्वीकारले जातात. देशातील अशा प्रयोगांत तो आरंभीचा मानला जातो.

क्षेत्रसभा : केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या (डिसेंबर २००५) निधीसाठी लोकसहभागाचा कायदा करणे ही एक अट होती. ती पुरी करण्यासाठी महाराष्ट्राने २००९ मध्ये कलम २९ अ नंतर क्षेत्रसभेची कलमे घातली. काही मतदान केंद्रांचे मिळून एक क्षेत्र, त्यातील सर्व मतदार हे सभासद आणि नगरसेवक अध्यक्ष, अशी ही योजना ग्रामसभेच्या धर्तीवर आहे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानेही २००७ च्या स्थानिक शासनावरील अहवालात मुख्य सभा, प्रभाग समिती आणि क्षेत्रसभा अशी उतरंड सुचवली होती. क्षेत्रसभा न घेणाऱ्या नगरसेवकाचे पद धोक्यात यावे इतकी कडक तरतूद कायद्यात असूनही अशा सभा विरळाच झाल्या.

मोहल्ला समित्या : प्रभाग समितीशी यांची गल्लत होते. भिवंडीत १९८८ च्या सुमारास पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत सामाजिक कार्यकर्ते व पोलिसांनी उभारलेल्या मोहल्ला समित्या सलोख्यासाठी होत्या. त्यांचा नगरकारभाराशी थेट संबंध नाही. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयांत नागरिक व अधिकारी यांच्या ज्या बैठकी होत त्यांनाही मोहल्ला कमिटी म्हणत. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये १९९६-९७ च्या सुमारास सुरू झालेली कचरा व्यवस्थापनाची रहिवासी चळवळ पुढे मुंबईभर पसरली. यांपैकी कशालाही कलम २९ अ चा आधार नाही, तरी रहिवाशांचा वावर वैधानिक समितीपेक्षा याच ठिकाणी अधिक दिसला.

प्रभागरचनेचा परिणाम : मुंबई वगळता राज्यात प्रभागातील सदस्यसंख्या वारंवार बदलली. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार, अशी सर्वसाधारण वाटचाल आहे. बहुसदस्यीय प्रभागात तुंबलेल्या गटाराचे उत्तरदायित्व चौघांत वाटले जाते आणि समितीच्या बैठकीत एकाच प्रभागाचे चार सूर निघतात. त्याचा समितीच्या कामावर काय परिणाम झाला, यावर मतमतांतरे आहेत. प्रत्येक बदलामागे राजकीय हिशोब होता, याविषयी फारसे मतभेद नाहीत.

मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महानगरपालिकांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील न्यायालयीन वादामुळे निवडणुका लांबल्या. समितीचे आयुष्य सभागृहाशी बांधलेले असल्याने या काळात प्रभाग समित्याही नव्हत्या आणि त्यांचे अधिकार प्रशासकाकडे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील आदेशानंतर राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले.

इतरत्र : कर्नाटकाने २०११ च्या दुरुस्तीने प्रभागनिहाय समित्या आणल्या व २०१६ मध्ये त्यांचे नियम केले. गोव्यात पणजीची लोकसंख्या तीन लाखांच्या बरीच खाली असल्याने घटनेची सक्ती लागू होत नाही. महाराष्ट्रातील नगरपरिषदांतही, लोकसंख्या त्या मर्यादेच्या आत असल्याने, १९६५ च्या अधिनियमाखालील विषय समित्यांवरच काम चालते.