पोकलेनचा हायड्रॉलिक जोर घटणे

इंजिन सुरळीत चालत असूनही भरलेली बकेट न उचलणे, बूम-आर्म (बकेट उचलणारे मोठे हात) मंदावणे किंवा चढावर चैन (चाकांऐवजी असणारा साखळीपट्टा) अडणे हा पोकलेनमधला दोष. खानदेशात त्याच्या तक्रारी ऐन उन्हाळ्यात वाढतात. शेततळी आणि नाला खोलीकरणाची कामे पावसाआधी उरकायची असतात आणि नेमके तेव्हाच जळगाव-भुसावळकडे तापमान 45 अंशांच्या आसपास असते.

20 टनी मशीनमध्ये साधारणपणे दोन पिस्टन पंप असतात. मुख्य दाब सुमारे 320 ते 350 बार, तर लिव्हरचा हुकूम पोचवणाऱ्या पायलट लाइनचा 35 ते 40 बार असतो. जोर दाबातून येतो, वेग प्रवाहातून. रिकामी बकेट झपाट्याने फिरते पण मुरमात अडते, तेव्हा दाब कमी पडतो. भार उचलला जातो पण सावकाश, तेव्हा ऑइल कमी पोचते.

दोष एकाच हालचालीत आहे की सगळ्यांत, हे आधी पाहावे. फक्त बूम ढिला असेल तर त्याचा स्पूल (ऑइलची वाट उघडणारा-मिटणारा दांडा), पोर्ट रिलीफ व्हॉल्व्ह (त्या वाटेवर दाब मर्यादेत ठेवणारी झडप) किंवा सिलिंडरचे सील तपासावे. एकच चैन मागे पडत असेल तर ट्रॅव्हल मोटर (चैन फिरवणारी मोटर) किंवा मधल्या स्विव्हल जॉइंटवर (वरच्या फिरत्या भागातून खाली ऑइल नेणारा सांधा) संशय घ्यावा. सगळेच मंद असेल तर ऑइलची पातळी, सक्शन जाळी (पंपाकडे जाणारे ऑइल गाळणारी), पायलट दाब आणि मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह या क्रमाने जावे. लोड येताच इंजिनचा आरपीएम कोसळत असेल, तर हायड्रॉलिकला हात लावण्यापूर्वी डिझेल आणि हवेचे फिल्टर बघावेत.

सकाळी चांगले चालणारे मशीन दुपारी दम सोडते, हे इथले नेहमीचे लक्षण. तापलेले ऑइल पातळ होते, पंप-मोटरच्या झिजलेल्या फटींतून आतल्या आत गळते आणि त्या गळतीनेच आणखी तापते. 80 अंशांपुढे सीलचे आयुष्य झपाट्याने घटते. तापीकाठच्या गाळमातीची बारीक धूळ कूलरच्या पट्ट्यांत बसली की ऑइल थंडच होत नाही. म्हणून उन्हाळ्यात कूलर रोज हवेने साफ करणे हाच सर्वांत स्वस्त उपाय. ऑइलची ग्रेड मात्र कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच निवडावी. फेस आलेले ऑइल हवा शिरल्याचे, दुधाळ ऑइल पाणी मिसळल्याचे लक्षण.

गेज (दाबमापक) न लावता रिलीफ व्हॉल्व्ह आवळून जोर वाढवण्याची सवय घातक आहे. त्यात पाइप फुटतो आणि पंपही जातो. गळती हाताने चाचपू नये, कारण या दाबाची बारीक धार कातडीत घुसते. पुठ्ठा धरून पाहावी. पाइप सोडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून दाब काढावा.

पंपाचा नंबर शेवटी येतो. केस ड्रेनमधून (पंपातली आतली गळती टाकीकडे नेणारा पाइप) जास्त ऑइल येत असेल किंवा फिल्टरमध्ये पितळी चुरा सापडला, तरच पंप उतरवावा. मग टाकी, पाइप आणि कूलरही धुवावे लागतात. राहिलेला चुरा नव्या पंपालाही खातो.